श्वास, घास आणि घर : मोटर न्यूरॉन आजारावरील उपचारांचा आढावा

मोटर न्यूरॉन आजारावर औषध आहे का, हा प्रश्न निदान कळले की प्रत्येक घरात विचारला जातो. रोग बरा करणारे औषध आजही नाही. पण या उत्तरापाशी चर्चा थांबते, आणि या आजाराचा रुग्ण किती जगतो, कसा जगतो, हे ज्या गोष्टींवर ठरते त्या बाजूलाच राहतात. गेल्या तीस वर्षांत झालेले अभ्यास एकत्र ठेवून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. आयुष्याचे महिने आणि त्यातली सुसह्यता वाढवण्यात गोळ्यांचा वाटा लहान आहे. वेळेवर दिलेला श्वासाचा आधार, वेळेवर केलेली अन्नाची सोय आणि अनेक तज्ज्ञांनी मिळून घेतलेली काळजी यांचा वाटा मोठा आहे. ही काळजी बहुतेक वेळा घरात द्यावी लागते, म्हणून ठाण्याच्या नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीतून या प्रश्नाकडे पाहणे उपयोगाचे ठरते.

रोगाची ओळख

मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत आणि तिथून स्नायूंपर्यंत हालचालीचा आदेश नेणाऱ्या दोन टप्प्यांच्या चेतापेशी या आजारात एकेक करून मरतात. फ्रेंच वैद्य जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे अमेरिकेत तो बेसबॉलपटू लू गेरिग यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे एएलएस. त्याची सुरुवात साधी असते : शर्टाचे बटण लागत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते, जीभ जड होते, दंडाचे मांस उगाच फडफडते. स्पर्श शाबूत असतो, डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते, लघवी-शौचावरचा ताबाही सहसा जात नाही. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षांत बहुतेकांचा श्वास थकतो. दहातला एखादा दहा वर्षांपलीकडे जातो. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान सांगितले गेले आणि ते २०१८ पर्यंत जगले. जानेवारी २००१ मध्ये ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या परिषदेला आले, तेव्हा मराठी वाचकांच्या मनात या आजाराची जी प्रतिमा बसली ती बहुधा त्यांचीच. ते अपवाद होते. त्यांच्या आयुष्याच्या लांबीवरून आपल्या माणसाचा हिशेब मांडणाऱ्या कुटुंबाची तयारी उशिरा सुरू होते.

भारतीय रुग्णांचे चित्र पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा थोडे वेगळे आहे. बंगळुरूच्या निम्हान्सने तीस वर्षांतल्या १,१५३ रुग्णांचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय ४६ च्या आसपास होते, म्हणजे युरोपापेक्षा दहा-पंधरा वर्षे कमी. जगण्याचा काळ मात्र लांब दिसला. यावर आक्षेप असा की रुग्णालयाच्या नोंदीत दूरवरून येऊ शकणारे, तुलनेने धडधाकट रुग्णच अधिक येतात आणि मध्येच येणे बंद केलेल्यांचे पुढे काय झाले ते कळत नाही. आक्षेप रास्त आहे, त्यामुळे ‘भारतात हा आजार सौम्य असतो’ असे म्हणण्याची घाई करू नये. वयाचा आकडा मात्र इतर भारतीय नोंदींशीही जुळतो, आणि त्याचा अर्थ कठोर आहे : आजार येतो तेव्हा माणूस कमावता असतो, मुले शाळा-कॉलेजात असतात.

दुसरा फरक निदानाचा. १९७० मध्ये मद्रासच्या वैद्यांनी तरुणांत होणारा, बहिरेपणा सोबत आणणारा आणि दीर्घकाळ चालणारा एक प्रकार नोंदवला. १९८४ मध्ये डॉ. गौरी-देवी यांनी एकाच हाताचे किंवा पायाचे स्नायू झिजून काही वर्षांत थांबणारा प्रकार मांडला. एक हात बारीक झालेल्या पंचविशीच्या मुलाला ‘एएलएस’ सांगून टाकणे म्हणूनच धोक्याचे असते. काही चेताविकार इम्युनोग्लोब्युलिनने सुधारतात, तेही आधी वगळावे लागतात. उलट दिशेची चूकही जगभर घडते : मानेच्या मणक्याचा विकार समजून शस्त्रक्रिया होते, जीभ जड झाली म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे फेऱ्या होतात, आणि ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, होईपर्यंत वर्ष निघून जाते. २०२० च्या गोल्ड कोस्ट निकषांनी निदानाची अट सोपी केली ती हा वेळ वाचावा म्हणून.

औषधांची तीस वर्षे

औषधांचा इतिहास १९९४ पासून सांगता येतो. त्या वर्षी रिल्युझोलच्या पहिल्या चाचणीत १५५ रुग्ण होते. वर्षअखेर औषध घेणाऱ्यांपैकी ७४ टक्के जिवंत होते, न घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के. पुढच्या चाचण्या एकत्र केल्यावर सरासरी लाभ दोन-तीन महिन्यांचा ठरला. अमेरिकेने १९९५ मध्ये मान्यता दिलेले हे औषध आज भारतीय कंपन्या बनवतात आणि ते बहुतेक घरांच्या आवाक्यात आहे. दुसरे एडाराव्होन. जपानने २०१५ मध्ये आणि अमेरिकेने २०१७ मध्ये ते मान्य केले, पण मूळ चाचणीत निवडक, सुरुवातीच्या अवस्थेतले १३७ रुग्ण होते आणि कालावधी अवघा २४ आठवड्यांचा होता. युरोपातला अर्ज कंपनीने २०१९ मध्ये मागे घेतला. भारतात हे औषध पक्षाघातासाठी आधीपासून मिळत असल्याने ते सहज लिहून दिले जाते. शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या या औषधासाठी महिन्यातले बरेच दिवस सलाइन लावून घ्यावे लागते. हाताला ताकद नसलेल्या माणसाला त्यासाठी जिने उतरवून नेण्याचे मोल लाभाच्या मानाने फार आहे, असे मानणारे न्यूरॉलॉजिस्ट आहेत. मिळेल ते करून पाहू, असे म्हणणारेही आहेत. दोघांच्याही हातात पुरावा तोच आहे.

ताज्या घडामोडींत एक धडा आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये घाईने मान्य केलेले रेलिव्हरिओ हे औषध मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ते स्वतःहून बाजारातून काढले. टोफर्सेन या औषधाची गोष्ट वेगळी. १९९३ मध्ये सापडलेल्या एसओडी१ जनुकाच्या दोषावर ते थेट काम करते, आणि असा दोष सर्व रुग्णांपैकी सुमारे दोन टक्क्यांतच असतो. त्याच्या २८ आठवड्यांच्या चाचणीत शारीरिक क्षमतेतला फरक सिद्ध झाला नाही, पण चेतापेशी मरताना रक्तात उतरणारे न्यूरोफिलामेंट हे प्रथिन कमी झाले. त्या खुणेच्या आधारावर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रक्तातली खूण सुधारली म्हणजे माणूस सुधारला का, हा वाद अजून मिटलेला नाही. खूण मानली नाही तर दुर्मीळ आजारांची औषधे कधीच पुढे येणार नाहीत, हे एका बाजूचे म्हणणे. खूण मानली की रेलिव्हरिओसारखी फसगत वाढेल, हे दुसरीचे.

लहान मुलांच्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीने मात्र दाखवून दिले की जनुक नेमके ठाऊक असेल तर मोटर न्यूरॉन वाचवता येतात. त्याचे जनुक १९९५ मध्ये सापडले आणि २०१६ ते २०२० या काळात तीन औषधे आली. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकवर्गणीतून सुमारे सोळा कोटींचे औषध आणले गेले आणि त्यावरचा कर सरकारने माफ केला, तेव्हा महाराष्ट्राला स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीचे नाव कळले. पुढे त्या तिनांपैकी रिसडिप्लाम या औषधाच्या पेटंटचा वाद न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय कंपनीची बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आली. मूळ कंपनीच्या बाटलीची किंमत सहा लाखांच्या घरात होती. प्रौढांच्या एएलएसमध्ये मात्र दहातल्या नऊ रुग्णांच्या घराण्यात हा आजार नसतो आणि एकच जबाबदार जनुक नसते, म्हणून तो मार्ग तसाच्या तसा इथे चालत नाही.

श्वास आणि घास

या आजारातला सर्वात ठोस पुरावा एका यंत्राचा आहे. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये ४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मास्क लावून श्वासाला आधार देणारे बायपॅपसारखे यंत्र एका गटाला दिले, दुसऱ्याला दिले नाही. ज्यांची जीभ आणि घसा बऱ्यापैकी काम करत होते त्यांचे आयुष्य सरासरी २०५ दिवसांनी वाढले. रिल्युझोलच्या दुपटीहून हा लाभ मोठा. इथे हमखास येणारा आक्षेप असा : हे दिवस यातनांचे असतील तर वाढवायचे कशाला? चाचणीने तेही मोजले होते. यंत्र वापरणाऱ्यांची झोप आणि जगण्याची प्रत त्या काळात टिकून राहिली. ज्यांचा घसा फार निकामी झाला होता त्यांचे आयुष्य वाढले नाही, पण त्रास काही बाबतींत कमी झाला. श्वासासाठी श्वासपटलाच्या स्नायूला विजेचे धक्के देणारा पेसमेकर मात्र २०१५ च्या चाचणीत घातक निघाला. नवे यंत्र म्हणजे प्रगती, असे समजण्यातला धोका त्यातून दिसला.

यंत्राइतकीच महत्त्वाची त्याची वेळ आहे. पहाटे डोके दुखणे, दिवसा पेंगणे, उताणे झोपवत नाही म्हणून रात्री उशांवर उशा लावणे, ही श्वास थकल्याची चिन्हे बोटावरचा ऑक्सिमीटर ९६ दाखवत असतानाही असतात. घरचे धावपळ करून ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर आणतात. पण या रुग्णांची अडचण बहुधा फुप्फुसात नसते, भात्यासारखे काम करणारे स्नायू दमलेले असतात. यंत्राच्या आधाराविना नुसता ऑक्सिजन दिला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून माणूस गुंगीत जाऊ शकतो. ही एक गोष्ट ठाणे-कल्याणच्या प्रत्येक फॅमिली डॉक्टरला आणि ऑक्सिजन भाड्याने देणाऱ्या दुकानदाराला माहीत असती, तर काही प्राण वाचले असते.

अन्नाचेही तसेच. पातळ चहा, ताक, काढा यांचा ठसका लागतो. घट्ट पेज, मऊ वरणभात, मिक्सरमधून काढलेली खिचडी जास्त सुरक्षित. जेवायला तास-तास लागू लागला, वजन घटू लागले, की पोटातून नळी घालण्याचा, म्हणजे पेगचा विचार सुरू व्हायला हवा. बऱ्याच घरांत तो शेवटचा उपाय मानला जातो. ‘आता नळीवर आले’ हे वाक्य सगळे संपल्यासारखे उच्चारले जाते. पुरावा उलटा आहे : वजन फार घटण्याआधी आणि श्वासाची क्षमता बरी असताना नळी घातली तर धोका कमी आणि लाभ जास्त. पेगने आयुष्य किती वाढते हे नेमके सिद्ध झालेले नाही, कारण अर्ध्या रुग्णांना उपाशी ठेवून चाचणी करणे नीतीला धरून होणार नाही.

या सगळ्याला एकत्र बांधणारी कल्पना म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट, श्वसनतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी रुग्णाला पाहणे. आयर्लंडच्या २००३ च्या अभ्यासात अशा क्लिनिकमध्ये जाणारे रुग्ण सरासरी साडेसात महिने अधिक जगले. तिथे पोचणारे मुळातच तरुण आणि कमी आजारी असतात, हा आक्षेप संशोधकांनाही ठाऊक होता. वय व आजाराचा प्रकार हिशेबात धरूनही त्यांना फरक दिसला. हा फरक पूर्णपणे क्लिनिकचाच, असे तरीही म्हणता येणार नाही. पण औषधांचा लाभ इतक्याच काटेकोर नजरेने तोलला तर पारडे कुठे झुकते, हे उघड आहे.

मूळपेशी आणि आयुर्वेद

औषध नाही म्हटल्यावर माणसे इतरत्र वळतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मूळपेशींच्या बाजूने सांगितले जाते की स्वतःच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी असल्याने धोका कमी, काही रुग्णांची घसरण मंदावलेली दिसते, आणि हाती वेळच नसलेल्या माणसाला प्रयोगाची वाट पाहायला सांगणे निर्दयपणाचे आहे. शेवटचा मुद्दा भावनिक म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतले मज्जारोपण सोडले तर मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. जगातली या क्षेत्रातली सर्वाधिक गाजलेली चाचणी, नूरओन या उपचाराची, मुख्य निकषावर अपयशी ठरली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सल्लागार समितीने १७ विरुद्ध १ मतांनी त्या उपचाराच्या विरोधात कौल दिला. या आजारात काही जणांची घसरण आपोआपही महिनोन् महिने थांबते. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या यशकथांवरून निष्कर्ष काढता येत नाही. चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. लाखांचे पॅकेज सांगणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा.

आयुर्वेदाबद्दल बोलताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. हलक्या हाताचे अभ्यंग आखडलेल्या सांध्यांना आणि शिणलेल्या मनाला आराम देते, त्यात वाद नाही. आजाराची गती थांबते, याला मात्र नियंत्रित चाचणीचा आधार नाही, आणि रसौषधींतल्या धातूंची तपासणी झालेली नसेल तर नव्या धोक्याची भर पडते. त्याहून मोठा धोका पथ्याचा. वजन टिकवणे हाच उपचार असताना तेल-तूप, दूध, भात बंद करणारे पथ्य रुग्णाला दुबळे करते.

नौपाड्यातले घर

२०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती. युरोपात दरवर्षी लाखामागे दोन ते तीन नवे रुग्ण आढळतात, आशियात एकाच्या आसपास. खालचा दर धरला तरी त्या लोकसंख्येत वर्षाला तीसेक नवी घरे. या घरांना मुंबई फार लांब नाही. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे रुग्णालय लोकलच्या पट्ट्यात येते. पण व्हीलचेअरवरच्या माणसाला डोंबिवलीहून अपंगांच्या डब्यातून न्यायचे तर दोन धडधाकट माणसे लागतात. नौपाड्यात, घंटाळीपासून राममारुती रोडपर्यंत, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती अजून आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या रुग्णासाठी जिना हाच सर्वात मोठा अडथळा ठरतो. इमारत पुनर्विकासाला गेली तर ऐन आजारात भाड्याच्या घरात, ओळखीच्या शेजारापासून दूर जावे लागते.

घरातली काळजी पत्नी, सून, मुलगी आणि ब्युरोतून येणारे मामा किंवा मावशी घेतात. चोवीस तासांच्या मावशींचा महिन्याचा खर्च पंचवीस हजारांच्या आसपास वा पुढे जातो. त्यांना सक्शन मशीन आणि मास्क हाताळणे शिकवायचे कोणी, याची जबाबदारी कुणावरच नसते. महावितरणचा दुरुस्तीसाठीचा बंद असला की बायपॅपला इन्व्हर्टर लागतो. विम्याची रचना या गरजांशी जुळत नाही. विमा नियामकाच्या प्रमाणित व्याख्यांत ‘कायमस्वरूपी लक्षणांसह मोटर न्यूरॉन आजार’ गंभीर आजार म्हणून आहे, त्यामुळे क्रिटिकल इलनेस पॉलिसी असेल तर एकरकमी पैसे मिळू शकतात. साधा मेडिक्लेम मात्र दाखल होण्यावर चालतो. घरी वापरायचा बायपॅप, मावशींचा पगार त्यात सहसा बसत नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनाही रुग्णालयातल्या उपचारांभोवती बेतलेली आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ८०डीडीबी कलमाखाली, अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक असेल तर, या आजाराच्या खर्चावर सवलत होती, तीही मर्यादेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन्स नावाने आहेत, मोटर न्यूरॉन आजार नाही. प्रमाणपत्र चलनवलनाच्या अपंगत्वाखाली घ्यावे लागते, आणि प्रमाणपत्रावरची टक्केवारी काही महिन्यांत जुनी होते.

यावर सार्वजनिक आरोग्यवाल्यांचा प्रश्न सरळ आहे : क्षयरोग, डायलिसिस, बाळंतपणे यांना पैसा पुरत नसताना तीसेक घरांसाठी वेगळी सोय का? वेगळी सोय मागण्याची गरजच नाही, हे त्याचे उत्तर. घरी येणारी परिचारिका, गिळण्याची तपासणी, यंत्रे भाड्याने देणारी पेढी, मावशींचे प्रशिक्षण, हे सगळे पक्षाघात, पार्किन्सन्स आणि उतारवयातल्या स्मृतिभ्रंशालाही लागते. नौपाड्यात अशी घरे ढिगाने आहेत. आपल्याकडची उपशामक सेवा वांद्र्याच्या शांती आवेदना सदनापासून (१९८६) कर्करोगाभोवती वाढली. तीच सेवा चेताविकारांपर्यंत आणणे ही खरी मागणी आहे. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था उभी केली तेव्हा मानसिक आजारी माणसाच्या कुटुंबाला आधारगट हवा, ही कल्पनाही नवी होती. मोटर न्यूरॉन आजारासाठी मुंबईत आशा एक होप फाउंडेशनसारखी संस्था काम करते. तिच्या कामाला प्रत्येक उपनगरात जोड हवी.

बोलणे गेल्यावरच्या संवादाबद्दल एक सूचना, कारण तिला पैसे लागत नाहीत. आपली वर्णमाला वर्गांत मांडलेली आहे. पुठ्ठ्यावर क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग अशा ओळी लिहून बोट फिरवले, रुग्णाने पापणी मिटून आधी ओळ आणि मग अक्षर निवडले, की वाक्य बनते. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रे महाग आहेत. आयआयटी मद्रासच्या एआय४भारतने मराठीसह भारतीय भाषांतले कृत्रिम उच्चार खुले केले आहेत. पण आजारी माणसाचा स्वतःचा आवाज जपून ठेवायचा तर जीभ जड होण्याआधी तो ध्वनिमुद्रित करावा लागतो, आणि त्यासाठी त्याला आजार सांगितलेला असावा लागतो.

सांगणे आणि थांबणे

इथे सर्वात नाजूक मतभेद आहे. ‘त्यांना काही सांगू नका’ असे डॉक्टरला बाजूला घेऊन सांगणारी कुटुंबे प्रेमानेच तसे करतात. आपल्याकडे निर्णय कुटुंब घेते, एकट्या व्यक्तीवर ते लादणे पाश्चात्त्य आहे, हा युक्तिवादही पोकळ नाही. पण पेग, बायपॅप, आवाजाची नोंद, मृत्युपत्र, या सगळ्याची वेळ रुग्ण बोलू शकतो तेव्हाच असते. शिवाय काही रुग्णांत वर्तन आणि विचारशक्तीतही बदल होतात, दहा-पंधरा टक्क्यांत स्मृतिभ्रंशापर्यंत. ‘तुम्हाला कितपत माहिती हवी आहे, आणि कोणासमोर?’ असे रुग्णालाच विचारणे हा मधला मार्ग कुटुंबाचा मानही राखतो.

गळ्यात छिद्र करून व्हेंटिलेटर लावायचा का, यावर देशोदेशी टोकाचा फरक आहे. जपानमध्ये तो लक्षणीय प्रमाणात लावला जातो, युरोप-अमेरिकेत क्वचित. आपल्याकडे निर्णय बहुधा मध्यरात्री, अतिदक्षता विभागात, रुग्णाला न विचारता होतो आणि मग मागे फिरता येत नाही असे वाटते. कायद्याने मागे फिरता येते. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी उपचार थांबवण्याचे तत्त्व मान्य केले. ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य केले. पहिली पद्धत इतकी किचकट होती की ती वापरणे जवळपास अशक्य होते. जानेवारी २०२३ मध्ये इच्छापत्रावर दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालेल असे ठरले, आणि उपचार थांबवण्यास मंजुरी देणाऱ्या वैद्यकीय मंडळातल्या तज्ज्ञांच्या अनुभवाची अट वीस वर्षांवरून पाचवर आली. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केल्यावर महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ही इच्छापत्रे सांभाळणारे अधिकारी नेमले गेले. इंजेक्शन देऊन मरण घडवणे बेकायदाच आहे. मॉर्फिनच्या छोट्या मात्रेने घुसमट शमवणे हा उपचार आहे, आणि २०१४ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ते मिळवणे सोपे झाले आहे. दोन्हींतली सरमिसळ डॉक्टरांच्या मनातही आढळते.

धार्मिक आणि दिव्यांग हक्कांच्या बाजूने येणारा आक्षेप गंभीर आहे : काळजीची सोय नसलेल्या समाजात थांबण्याचा हक्क दिला तर गरीब रुग्ण कुटुंबावर ओझे नको म्हणून थांबेल. तो मान्य करूनच पुढे जावे लागते, कारण बायपॅप आणि मावशी परवडत नसतील तर रुग्णाची निवड मोकळी राहत नाही. आणि एक प्रश्न कायद्याने अजून पूर्णपणे हाताळलेला नाही. २०२३ ची सगळी कार्यपद्धती रुग्णालय गृहीत धरते : प्राथमिक मंडळ, दुय्यम मंडळ, दोन्ही रुग्णालयाने नेमायची. घंटाळीतल्या दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या पलंगावर, महिनोन् महिने चोवीस तास मास्क लावून असलेल्या आणि शुद्धीत असलेल्या माणसाने पुठ्ठ्यावरच्या अक्षरांतून ‘आता काढा’ असे सांगितले, तर मंडळ कोण नेमणार, मास्क काढण्याआधी घुसमट होऊ नये म्हणून औषध कोण देणार, आणि त्या रात्री घरी येणारा डॉक्टर कोणत्या कागदावर सही करणार, याची लेखी पद्धत ठरवण्याचे काम बाकी आहे.